बालपणीचे आघात आणि आत्महत्येचा विचार : शिक्षकाने काय पाहावे, काय करावे

प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा विचार करताना पटनोंदणी, उपस्थिती, अभ्यासक्रम आणि गुणवत्ता या चार गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतात. परंतु मूल शाळेत येते ते केवळ दप्तर घेऊन येत नाही. घरी रात्री जे घडले असेल, तेही ते बरोबर घेऊन येते. त्याची नोंद मात्र आपल्या कोणत्याही पत्रकात नसते. अशा अनुभवांचे मोजमाप कसे करतात, आत्महत्येच्या विचाराशी त्यांचा संबंध कोणता, आणि शिक्षकाने त्या बाबतीत काय करावे व काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी भाईंदर परिसरातील एका शाळेत सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. ‘मी मोठेपणी कोण होणार’ या विषयावर निबंध लिहून घेतला. एका मुलाने अवघ्या सहा ओळी लिहिल्या होत्या. आपणांस मोठे व्हावयाचेच नाही, आपण नसतो तर आईला मार कमी पडला असता, अशा आशयाचा तो मजकूर होता. मी तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, ‘निबंध अपुरा’ असा शेरा मारला आणि वही परत केली. पंधरा दिवसांनी त्या मुलाने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला. वेळेवर उपचार झाले म्हणून तो वाचला. पुढे त्याच्या आईकडून समजले, की बाप दारू पिऊन तिला मारी आणि हा मुलगा मध्ये पडे. ज्याला हे सांगावयाचे, त्या शिक्षकाला त्याने ते लिहून सांगितले होते. शिक्षकाने शुद्धलेखन तपासले.

प्रतिकूल अनुभव कशास म्हणावे

बालपणात प्रत्येकाच्या वाट्यास थोडेफार दुःख येतेच. परीक्षेत अपयश आले, आवडती गाय विकली गेली, मित्र गाव सोडून गेला, तर मूल रडते आणि घरच्यांच्या आधाराने सावरते. येथे ज्यांचा विचार करावयाचा ते अनुभव निराळे. जेथून आधार मिळावयाचा तेथूनच भय निर्माण होते, किंवा आधार देणारे माणूसच नाहीसे होते, तेव्हा त्यास ‘बालपणातील प्रतिकूल अनुभव’ असे म्हणतात. शारीरिक मारहाण, सततचा अपमान व धाकदपटशा, लैंगिक अत्याचार, अन्नवस्त्राची व मायेची हेळसांड हे त्यांतील थेट मुलावर होणारे आघात होत. घरात आईला होणारी मारहाण, दारू वा अन्य व्यसन, घरातील कोणाचा मानसिक आजार, आईवडिलांची ताटातूट, घरातील माणूस तुरुंगात जाणे हे कुटुंबाच्या मोडतोडीतून पोहोचणारे आघात होत.

मोजमापाचा इतिहास

या अनुभवांची पद्धतशीर मोजणी अमेरिकेत सॅन डिएगो येथे झाली. डॉ. विन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी आपला पहिला निबंध १९९८ साली प्रसिद्ध केला. एका आरोग्य योजनेच्या सभासदांना त्यांनी अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या आयुष्यासंबंधी प्रश्न विचारले. प्रत्येक प्रकारच्या अनुभवास एक गुण द्यावयाचा आणि बेरीज करावयाची, अशी ती साधी रीत. तो अनुभव एकदा आला की शंभरदा, याने गुणात फरक पडत नसे.

याच पाहणीतील १७,३३७ प्रौढांच्या उत्तरांवरून २००१ साली आत्महत्येच्या प्रयत्नांसंबंधीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात आठ प्रकारचे अनुभव धरले होते. ज्यांच्या बालपणी यांपैकी एकही अनुभव नव्हता, त्यांच्यात आयुष्यात केव्हातरी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचे प्रमाण १.१ टक्का होते. ज्यांना सात वा आठ प्रकारचे अनुभव आले होते, त्यांच्यात ते ३५.२ टक्के निघाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांत वापरता येईल अशी प्रश्नावली तयार केली. तीत समवयस्कांकडून होणारा छळ, वस्तीतील हिंसाचार, दंगल व युद्ध यांचाही समावेश केला आहे. ही प्रश्नावली अठरा वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आहे, ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

वरील दोन आकडे पुन्हा एकवार पाहावेत. सात-आठ आघात सोसलेल्या शंभर माणसांपैकी पस्तीस जणांनी कधीतरी जीव देण्याचा प्रयत्न केला. याचाच अर्थ असा, की पासष्ट जणांनी तो केला नाही. उलट, ज्यांच्या वाट्यास यांपैकी एकही आघात आला नव्हता, त्यांच्यातही शंभरात एकाने तो केला. म्हणजे बेरीज समूहाविषयी बोलते. समोर बसलेल्या एका मुलाविषयी ती निर्णय देऊ शकत नाही. खुद्द डॉ. अँडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली असा इशारा दिला, की एकेका व्यक्तीचा धोका ठरविण्यासाठी हा गुणांक वापरू नये.

यावरून शिक्षकासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, असली प्रश्नावली वर्गात मुलांकडून कदापि भरून घेऊ नये. शेजारी बसलेल्या मुलाच्या देखत आपल्या घरातील मारहाणीवर खूण करावयास लावणे हा त्या मुलावर नवा आघात होय. शिवाय विचारून झाल्यावर पुढे काय, याची सोय नसता विचारणे हा विश्वासघात ठरतो. दुसरी, ‘याचे घरच तसले, हा बिघडणारच’ असा शेरा मनातही मारू नये. आघात हा धोका वाढवितो. तो भविष्य लिहीत नाही.

आपल्याकडील परिस्थिती

हे सारे दूरच्या देशाचे आहे, असे कोणास वाटेल. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा राष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना त्यासाठी विचारणा केली होती, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही होती. सुमारे ६९ टक्के मुलांनी शारीरिक अत्याचार सोसल्याचे आढळले. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला, आणि त्यांत मुलगेही मोठ्या संख्येने होते.

आत्महत्येशी असलेला संबंध आपल्या शेजारच्या गोव्यात तपासला गेला. तेथील ग्रामीण व शहरी वस्त्यांतील सोळा ते चोवीस वर्षे वयाच्या ३,६६२ तरुण-तरुणींची ही पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. मागील तीन महिन्यांत १४४ जणांनी, म्हणजे ३.९ टक्क्यांनी, आत्महत्येशी संबंधित विचार वा वर्तन सांगितले. घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार आणि मनाचा त्रास यांच्याशी त्याचा संबंध स्पष्ट दिसला. मुलींमध्ये हे प्रमाण बरेच अधिक होते. आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने मोलाची आहे : ज्यांचे शाळा-महाविद्यालयात जाणे थांबले होते, त्यांच्यात धोका जास्त आढळला. मुलीचे नाव पटावरून कमी होते, तेव्हा तिच्या आयुष्यातील एक राखण नाहीशी होते, असा याचा अर्थ घ्यावयास हवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. वर्तमानपत्रे अशा घटनेचे एकच कारण देतात : परीक्षा, मोबाइल किंवा रागावणे. वस्तुतः आत्महत्येस एकच कारण क्वचितच असते. शेवटची काडी सर्वांना दिसते. आधी रचलेला भारा कोणी पाहिलेला नसतो.

आघात पोहोचतो कसा

ज्या घरात केव्हा मार बसेल याचा नेम नसतो, त्या घरातील मुलाचे शरीर सदैव सावध राहते. झोप पुरी होत नाही. लहानशा आवाजाने ते दचकते. वर्गात लक्ष लागत नाही, आणि त्यास आपण आळस म्हणतो. कोणी सहज हात उगारला तरी ते प्रतिकार करते, आणि त्यास आपण उद्धटपणा म्हणतो. काही मुले याच्या उलट अगदी गप्प व आज्ञाधारक होतात. त्यांच्याकडे तर आपले लक्षच जात नाही.

कालांतराने अशा मुलाच्या मनात तीन समजुती घर करतात. ‘जे घडते ते माझ्यामुळे घडते’ ही पहिली. ‘मी घरच्यांवर भार आहे’ ही दुसरी. ‘हे कधीच बदलणार नाही’ ही तिसरी. या तिन्ही एकत्र आल्या, की मरणाचा विचार त्यास सुटकेसारखा वाटू लागतो. बहुधा अशा मुलाला मरावयाचे नसते, त्रास थांबावा एवढेच हवे असते. म्हणूनच मध्ये कोणीतरी आले तर जीव वाचतो.

स्थलांतर करणारी मुले

मी राहतो त्या मीरा-भाईंदरचे उदाहरण घेऊ. राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन ही येथील जुनी गावे. शेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर ती जगत आली. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. इमारतींच्या बांधकामावर, कारखान्यांत आणि घरकामास जी माणसे येथे आली, त्यांत आपल्याच जिल्ह्यातील व राज्यातील खेड्यांतून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. आपल्या गावातील चौथीचे मूल दिवाळीनंतर दिसेनासे होते आणि येथील एखाद्या शाळेत दाखल होते. किंवा कोठेच होत नाही. आजी-आजोबा, चुलत भावंडे, ओळखीचे गुरुजी हे सारे मागे राहतात. नव्या खोलीत आईबाप दिवसभर कामावर, आणि बोलावयास कोणी नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, जात, इयत्ता आणि वर्तणूक येते. मूल कोणत्या परिस्थितीतून गेले ते येत नाही, आणि येऊही नये. परंतु आपल्याकडील मूल जात असेल तर नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांस दूरध्वनी करून ‘हे मूल हळवे आहे, पहिले काही दिवस त्याच्याकडे विशेष लक्ष असू द्या’ एवढे सांगण्यास काय हरकत आहे? घरची गुपिते उघड न करताही इतके सांगता येते. तसेच, मूल मध्येच परत आले तर ‘इतके दिवस कोठे होतास?’ या दरडावणीने त्याचे स्वागत करू नये.

शिक्षकाने काय पाहावे

शिक्षकाचे मोजमाप बेरजेचे नसून बदलाचे असावे. वर्षानुवर्षे तेच मूल आपण रोज पाहतो, त्यामुळे बदल ओळखण्यास आपल्याइतके समर्थ कोणी नाही. पुढील गोष्टींकडे लक्ष असावे :

एकदम घसरलेला अभ्यास किंवा वाढलेली गैरहजेरी. खेळातून व मित्रांतून बाजूला होणे. वर्गात वारंवार झोप लागणे. शाळा सुटल्यावरही घरी जाण्यास टाळाटाळ. अंगावरील खुणा आणि त्यांचे न जुळणारे खुलासे. वयास न शोभणारे लैंगिक बोलणे किंवा विशिष्ट माणसाची भीती. निबंधात, चित्रात वा बोलण्यात ‘मी नसतो तर’, ‘आता थोडेच दिवस’ असे उल्लेख. आवडीच्या वस्तू अकारण वाटून टाकणे. निरोप घेतल्यासारखे वागणे. स्वतःस इजा केल्याच्या खुणा. फार दिवस खिन्न असलेले मूल कारण नसता एकाएकी अगदी शांत होणे.

यांपैकी एखादी खूण म्हणजे निदान नव्हे. मात्र ती दिसली की विचारपूस करणे हे कर्तव्य ठरते. नोंद ठेवावयाची तर दिनांक, जे प्रत्यक्ष दिसले ते आणि मुलाचे नेमके शब्द एवढेच लिहावे. आपले तर्क लिहू नयेत. ही नोंद मुख्याध्यापकांकडे कुलुपात राहावी. शिक्षकांच्या खोलीत चर्चेस येऊ नये.

मुलाशी कसे बोलावे

एकांत असावा, पण बंद खोली नसावी. वर्गाबाहेरचा व्हरांडा किंवा झाडाखालचा पार पुरे. ‘गेले काही दिवस तू गप्प गप्प दिसतोस. मला काळजी वाटली. सांगावेसे वाटले तर मी ऐकतो,’ एवढे म्हणून थांबावे. मूल लगेच बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मायेने विचारावे.

मरणाचा विचार असेल अशी शंका आली, तर सरळ पण हळुवारपणे विचारावे : ‘कधी असे वाटते का रे, की जगूच नये? जीव द्यावा असे मनात येते का?’ असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत संशोधनाने खोटी ठरविली आहे. उलट, कोणीतरी विचारले याने मुलास हलके वाटते.

उत्तर ‘होय’ आले तर घाबरू नये, रागावू नये, उपदेश करू नये. ‘आईबापांचा विचार कर’ हे वाक्य तर मुळीच उच्चारू नये. ज्यास आधीच आपण भार वाटतो, त्याच्यावर ते आणखी एक ओझे ठेवते. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस. यातून मार्ग निघतो. तो आपण मिळून काढू,’ असे म्हणावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुला कळवीन,’ हे खरे वचन होय.

पुढे कोणाकडे जावे

मुलाच्या मनात मरणाचा विचार आहे असे कळल्यावर त्यास क्षणभरही एकटे सोडू नये. मुख्याध्यापकांस कळवून विश्वासाच्या पालकास बोलवावे. ज्या पालकापासूनच त्रास आहे असे मुलाने सांगितले असेल, त्याच्या हवाली मात्र करू नये. मुलाला ज्याचा आधार वाटतो अशा नातेवाइकास बोलवावे. ‘टेली-मानस’ ही शासनाची मानसिक आरोग्यसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येते. शिक्षकानेही तेथे सल्ला विचारावा. मुलांच्या संरक्षणासाठी १०९८ हा क्रमांक आहे. इजा झाली असेल किंवा धोका तत्काळ असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी जिल्ह्याच्या मानसोपचार सेवेकडे चिठ्ठी देऊ शकतात.

पोलिसी लचांड मागे लागेल या भीतीने कुटुंबे उपचार टाळतात. त्यांस समजावून सांगावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानावयाचे ठरविले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नास सरसकट शिक्षा देणारे जुने कलम ठेवलेले नाही.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट निराळी. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार माहिती मिळताच पोलिसांस कळविणे हे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते न करणे हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील बदलापूर येथे बालवर्गातील दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा घटनेची खबर न दिल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदविला गेला. शाळेची अब्रू राखण्यासाठी प्रकरण मिटविणे हा पर्याय नाही. मुलाची उलटतपासणी मात्र शिक्षकाने करू नये. त्याने सांगितले तेवढे ऐकावे आणि कळवावे.

मूल उपचार घेऊन परत आले, की त्यास नेहमीच्या बाकावर नेहमीसारखे बसू द्यावे. परिपाठात त्याचा उल्लेख नको, कीव नको, कुजबूज नको.

शाळा आघात करते की आधार देते

शेवटी एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. २००७ च्या राष्ट्रीय अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शाळेत शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. म्हणजे प्रतिकूल अनुभवांच्या यादीत आपली छडीही होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. छडी पुष्कळ ठिकाणी गेली. पण जिभेची छडी अजून शिल्लक आहे. घरी मार खाऊन आलेल्या मुलास वर्गापुढे ‘ढ’ म्हणणे म्हणजे त्याच्या मनातील ‘मी भार आहे’ या समजुतीवर शाळेची मोहोर उमटविणे होय.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील सहा हजारांवर प्रौढांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. बालपणी चांगले अनुभव ज्यांना अधिक लाभले, त्यांच्यात प्रतिकूल अनुभव असूनही नैराश्य व मानसिक अनारोग्य कमी आढळले. ते चांगले अनुभव कोणते? घरच्यांशी मनातले बोलता येणे, मित्रांचा आधार, शाळेत आपलेपणा वाटणे, आणि आईवडिलांखेरीज निदान दोन मोठ्या माणसांनी आपल्यात मनापासून रस घेणे. यांतील काही गोष्टी घरच्यांच्या हाती आहेत. निदान दोन मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहेत. त्यांस अनुदान लागत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आपणांकडून तशी अपेक्षाही नाही. मुलाच्या आघातांची बेरीज करणे हे आपले काम नव्हे. बदल पाहणे, ऐकून घेणे आणि योग्य हाती सोपविणे हे मात्र आपले काम आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने सहाच ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यांत सांगावयाचे ते सर्व सांगितले होते. येत्या आठवड्यात आपण निबंधाच्या वह्या तपासाल, तेव्हा तांबडी लेखणी उचलण्यापूर्वी प्रत्येक निबंध एकदा नुसता वाचावा, एवढीच नम्र विनंती आहे.